रुग्णऋण

प्रत्येक डॉक्टराच्या आयुष्यात एक दिवस असा येऊन गेलेला असतो, की ज्या दिवशी त्याने जिवंत माणसाच्या शिरेत पहिल्यानेच सुई घातली. ती पहिल्याच खेपेस नीट गेली, असे क्वचितच घडते. ती एकदा चुकते, दोनदा चुकते, हात कापतो, कपाळाला घाम येतो. आणि अखेर शेजारी उभा असलेला एखादा वरच्या वर्गातील विद्यार्थी ती हातातून घेऊन काम पुरे करतो. पुढे हाच हात इतका तयार होतो, की अंधारातही त्यास शीर सापडावी. दारावर पदव्यांची पाटी लागते, लोक लांबून नाव ऐकून येतात. परंतु ज्या माणसाच्या दंडावर त्या चुकलेल्या सुईच्या खुणा उमटल्या, त्याचे नाव त्या पाटीवर नसते. बहुधा त्या डॉक्टराच्या स्मरणातही नसते. तो मनुष्य कोण होता? वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेल्या सार्वजनिक रुग्णालयातील एखादा हमाल, एखादी मोलकरीण, किंवा गावाकडून उपचारासाठी आलेला एखादा शेतमजूर.

वैद्यकाच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, ती प्रवेशाच्या जागा, शुल्क, परीक्षा आणि पदव्या यांच्यापुरतीच बहुधा असते. ह्या गोष्टी क्षुल्लक आहेत असे नाही. परंतु त्यांच्या मुळाशी नीतीचा एक प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. सुताराचा उमेदवार चुकला तर लाकूड वाया जाते, शिंप्याचा चुकला तर कापड. वैद्यकाचा उमेदवार चुकला तर सोसावे लागते ते माणसाला. एकाच्या ज्ञानासाठी दुसऱ्याने सोसावे, यास नीतीचा आधार कोणता? आणि दुसऱ्याने सोसलेच, तर ज्याला ज्ञान मिळाले त्याच्यावर त्यामुळे कोणते बंधन पडते? ह्या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाची जाणीव आपल्या प्राचीन आचार्यांस होती, याचे प्रमाण सुश्रुतसंहितेत सापडते. तिच्या सूत्रस्थानातील एक संपूर्ण अध्याय, विद्यार्थ्याने आपला हात कसा तयार करावा, एवढ्याच विषयास वाहिलेला आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदण्याचा सराव पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा सराव ताणलेल्या केसाळ कातड्यावर. वेध घेण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा सराव वस्त्रांच्या काठांवर आणि मऊ कातड्यावर. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. ज्याने केवळ शास्त्र वाचले आणि ज्याने केवळ हात चालविला, त्या दोघांनाही सुश्रुताने एका पंखाच्या पक्ष्याच्या पंक्तीत बसविले आहे. आज महाविद्यालयांतून रबराचे हात, प्लास्टिकचे पुतळे आणि यंत्राने श्वास घेणाऱ्या बाहुल्या आल्या आहेत. साधने बदलली, हेतू मात्र तोच आहे: होता होईतो पहिली चूक माणसाच्या अंगावर होऊ नये.

तथापि ह्या उपायाची मर्यादा सुश्रुताच्या काळी जी होती तीच आज आहे. भोपळा ओरडत नाही, पुतळा भीत नाही आणि रबराच्या शिरेतून वाहणारे रक्त कोणाच्याही जिवाचे नसते. शंभर भोपळे कापल्यानंतर जो पहिला मनुष्य समोर येतो, तो पहिलाच असतो. रोग्याचे पोट चाचपताना त्याच्या चेहऱ्यावर कोणत्या क्षणी आठी पडते, छातीतील आवाज निरोगी माणसात कसा आणि रोग्यात कसा, मरणाच्या भीतीने गप्प झालेल्या माणसास बोलते कसे करावे, हे माणसाच्या सहवासावाचून कळत नाही.

मग विद्यार्थ्यास रोग्याजवळ फिरकूच देऊ नये, असे कोणी म्हणेल. हा प्रयोगही होऊन गेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अशी पुष्कळ वैद्यकीय विद्यालये होती, की ज्यांत शुल्क भरावे, व्याख्याने ऐकावी आणि रोग्यास हात न लावता पदवी घेऊन बाहेर पडावे. अब्राहम फ्लेक्सनर याने अमेरिका व कॅनडा येथील १५५ विद्यालये स्वतः पाहून १९१० साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ह्या विद्यालयांचे वाभाडे निघाले आणि त्यांपैकी पुष्कळ पुढे बंद पडली. त्या अहवालातून एक गोष्ट उघड झाली. असे पदवीधर रोग्यावर शिकलेच नाहीत असे नव्हे. ते पदवी घेतल्यानंतर शिकले, एकांतात शिकले, चूक दाखविणारा गुरू पाठीशी नसताना शिकले. तेव्हा माणसावर शिकावे किंवा न शिकावे, असा पर्याय आपल्यापुढे नाहीच. जाणत्याच्या नजरेखाली शिकावे की कोणी पाहत नसताना शिकावे, एवढाच तो आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच: उद्याच्या अनेक रोग्यांस तयार हात मिळावा म्हणून आजच्या एका रोग्यास शिकाऊ हात सोसावा लागतो, आणि हे सोसणे गुरूच्या देखरेखीने शक्य तितके कमी करता येते. आधार आहे तो इतकाच आहे. त्याच्या इतकेपणाकडे आपणांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

शिकणे माणसावरच व्हावयाचे, हे ठरले. परंतु कोणत्या माणसावर? येथे इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. मृतदेहापासूनच आरंभ करू. इंग्लंडात अठराव्या शतकात कायद्याने खुन्यांची प्रेते विच्छेदनासाठी देत असत; फाशीवर वाढविलेली ती आणखी एक शिक्षा होती. प्रेते पुरेनाशी झाली, तेव्हा कबरी उकरणारांचा धंदा सुरू झाला, आणि १८२८ साली एडिंबरो येथे बर्क व हेअर या दोघांनी सोळा माणसांचे खून करून त्यांची प्रेते रॉबर्ट नॉक्स ह्या शारीरशास्त्राच्या अध्यापकास विकल्याचे उघडकीस आले. त्यानंतर १८३२ साली पार्लमेंटने नवा कायदा केला. त्याने खुन्यांची प्रेते देण्याचे बंद केले आणि दरिद्री लोकांसाठी असलेल्या आश्रमांत मरणाऱ्या बेवारशांची प्रेते देण्याचे सुरू केले. पूर्वी जी खुन्याची शिक्षा होती ती आता निराधाराच्या वाट्यास आली. आपल्याकडे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी रूढीचा विरोध न जुमानता मानवी देहाचे विच्छेदन केले. त्यांच्या धैर्याची वाखाणणी योग्यच आहे. पण त्या फळीवर निजलेला देह कोणाचा होता, हे कोणी विचारीत नाही. मुंबई प्रांतात १९४९ साली याविषयी जो कायदा झाला, तोही बेवारशी प्रेतांचाच.

अलीकडे स्वेच्छेने देहदान करणारांची संख्या वाढत आहे, ही मोठी समाधानाची गोष्ट होय. आपल्या अस्थी देणाऱ्या दधीचीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; ती आचरणात आणणारी माणसे शहरांतील साध्या बिऱ्हाडांतूनही निघू लागली आहेत. अनेक महाविद्यालयांत विच्छेदनाच्या वर्गाचा आरंभ आता त्या देहाविषयी आदराची शपथ घेऊन होतो आणि त्यास विद्यार्थ्यांचा पहिला गुरू म्हणतात. बेवारशी प्रेत आणि दान केलेला देह यांच्या रक्तवाहिन्यांत काहीही अंतर नाही. परंतु एक घेतलेला आहे आणि दुसरा दिलेला आहे. नीतीच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे.

जिवंत रोग्यांविषयी मात्र हे अंतर अद्याप पुरतेपणी ओलांडले गेलेले नाही. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयास जोडून. १९२६ साली शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालय अशीच शेजारी शेजारी उभी राहिली. पुण्यास ससून रुग्णालय आणि बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय यांचे नाते तसेच. महाविद्यालयास रुग्णालय हवे आणि रुग्णालयास महाविद्यालय हवे, हा संकेत जगभर आहे व तो योग्य आहे. परंतु त्यात एक न बोललेला करार दडलेला असतो. रोग्यास औषधपाणी फुकट किंवा अल्प खर्चात मिळावयाचे; त्याच्या मोबदल्यात त्याने आपला देह दहा-पंधरा विद्यार्थ्यांपुढे उघडा करावयाचा, तेच ते पोट दहा जणांस चाचपू द्यावयाचे आणि तीच ती कहाणी दहा वेळा सांगावयाची. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याच्या स्वतंत्र खोलीत विद्यार्थ्यांचा हा घोळका शिरत नाही. हा करार रोग्याने केला आहे काय? त्यास दुसरी जागा असती तर त्याने तो केला असता काय?

याचे उत्तर देताना असे सांगण्यात येते, की जेथे विद्यार्थी असतात तेथे रोग्यावर अधिक डोळे असतात, जे एकाच्या नजरेतून सुटले ते दुसऱ्यास दिसते, आणि गरिबास तेथे जे उपचार मिळतात ते त्यास अन्यत्र मिळते ना. हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु याने हिशेब पुरा होत नाही. ज्या वर्गाच्या देहावर विद्या मिळविली जाते तो वर्ग, आणि तयार झालेल्या विद्येचा लाभ ज्यास मिळतो तो वर्ग, हे दोन पुष्कळदा निराळे असतात. धारावीच्या मजुराच्या दंडावर तयार झालेला हात पुढे मोठ्या खाजगी रुग्णालयात किंवा परदेशात चालतो. त्यात त्या डॉक्टराचा गुन्हा आहे असे नव्हे. पण कर्ज एकाकडून घेऊन नफा दुसऱ्यास वाटला गेला, हे निदान ध्यानात तरी असावे.

शिकाऊ हातापासून होणारा अपाय किती भयंकर असू शकतो, आणि त्याची जबाबदारी खरोखर कोणावर पडते, हे व्हिएन्ना शहरातील एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसून येईल. तेथील मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४१ ते १८४६ ह्या सहा वर्षांत पहिल्या विभागात शेकडा सुमारे १० बाळंतिणी मरण पावल्या, तर दुसऱ्यात शेकडा ४ देखील नाहीत. ही गोष्ट गावात इतकी सर्वश्रुत होती, की पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून स्त्रिया पाया पडत. डॉक्टर मात्र दूषित हवा, भीती, लज्जा अशी कारणे सांगत राहिले. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण सहायक त्या विभागात होता. मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र कोलेट्श्का हा प्रेत तपासताना विद्यार्थ्याच्या सुरीने बोटास जखम होऊन मरण पावला, आणि त्याच्या देहात बाळंतिणींच्या रोगाचीच लक्षणे आढळली. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी व अध्यापक सकाळी प्रेते फाडीत आणि त्याच हातांनी येऊन बाळंतिणी तपाशीत. सुइणी प्रेतांस शिवत नसत. त्याने मे महिन्यात चुन्याच्या क्लोराइडने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जुलैत शेकडा २ च्या आत आले.

त्या विद्यार्थ्यांस दोष देता येईल काय? जंतूंचे ज्ञान तेव्हा कोणासच नव्हते. जे कोणासच ठाऊक नाही ते ठाऊक नसणे हा अपराध होऊ शकत नाही. परंतु कथा येथे संपत नाही. आकडे डोळ्यांपुढे असताही सेमेलवाइसच्या वरिष्ठांनी ते मानले नाहीत; १८४९ साली त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही; युरोपातील अनेक नामांकित अध्यापकांनी त्याच्या म्हणण्याची उपेक्षा केली. १८६५ साली तो वेड्यांच्या रुग्णालयात मरण पावला. त्याच्या अंगी गोडवा नव्हता, लिहिण्याची टापटीप नव्हती, हेही खरे. परंतु औषध कडू हातांनी दिले म्हणून ते नाकारावे, हे वैद्यांस शोभले नाही. १८४७ च्या मे महिन्यापूर्वी मेलेल्या स्त्रिया अज्ञानाने मेल्या. त्यानंतर ज्या त्याच कारणाने मेल्या, त्या शिकण्याचे नाकारल्यामुळे मेल्या. ही दोन मरणे बाहेरून सारखी दिसतात. नीतीच्या तराजूत ती सारखी नाहीत.

येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हातास लागते. माणसावर शिकण्यास जो आधार आपण वर पाहिला, तो केवळ भविष्याचा आधार होता: उद्याच्या रोग्यास लाभ व्हावा म्हणून आजच्याने सोसावे. हा लाभ झाला नाही, तर आधार उरतच नाही. ज्याने पदवी घेतली, दवाखाना थाटला आणि पुस्तक मिटून ठेवले, त्याचे ज्ञान दहा-वीस वर्षांत शिळे होते. उद्याच्या रोग्याच्या नावावर काढलेली हुंडी त्याने वटविली. पण उद्याचा रोगी दारात आला तेव्हा त्यास कालचेच औषध दिले. म्हणजे ज्या हमालाने आणि ज्या मोलकरणीने त्याच्यासाठी सोसले, त्यांचे सोसणे त्याने मागाहून व्यर्थ केले. डॉक्टराचे शिक्षण चालू राहणे हा त्याच्या हौसेचा किंवा व्यवसायाच्या भरभराटीचा प्रश्न नव्हे. ते घेतलेल्या ऋणाचे हप्ते आहेत.

आपल्या परंपरेत मनुष्य जन्मतः ऋणी मानला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांस ठाऊक आहेत. शतपथब्राह्मणात त्यांच्या जोडीस चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे. ह्या कल्पनेतील मर्म असे, की ही ऋणे ज्याची त्याला परत करता येत नाहीत. पितरांचे ऋण पितरांस कोणी फेडीत नाही. ते संततीच्या संगोपनाने फिटते. ऋषींचे ऋण विद्या पुढे चालविल्याने फिटते. डॉक्टराचे रुग्णऋण याच जातीचे आहे. पहिली सुई ज्याच्या दंडात गेली तो मनुष्य पुन्हा भेटणार नाही. त्याचे देणे पुढच्या रोग्याजवळ चुकवावे लागते. कोणी म्हणेल, मी लाखो रुपये शुल्क भरून शिकलो, माझ्यावर कोणाचे ऋण? परंतु ते शुल्क महाविद्यालयाच्या पेढीत गेले. खाटेवरील माणसाच्या हाती त्यातील एक पैसाही पडला नाही, आणि पडता तरी वेदनेची पावती पैशाने होत नसते. प्लेगच्या दिवसांत हाफकिन याने मुंबईस तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. अशी माणसे विरळा. बाकी सर्वांचे शिकणे दुसऱ्याच्या अंगावर झालेले आहे.

पदवी मिळाल्यावर शिकावयाचे कसे, याचाही विचार चरकसंहितेत केलेला आढळतो. तिच्या विमानस्थानात ज्ञानाचे तीन उपाय दिले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि त्या विद्येच्या जाणकारांशी संभाषा. अध्यापन हा स्वतःच्याच ज्ञानाचा उपाय मानला आहे, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. संभाषेचेही तेथे दोन प्रकार केले आहेत, एक सलोख्याचा आणि दुसरा वादाचा. आणि सलोख्याच्या संभाषेत आपल्याला जे ठाऊक नाही ते निःशंकपणे विचारावे, हरण्याची भीती धरू नये, असा तिचा आशय आहे. आयुर्वेदास पैलतीर नाही, म्हणून वैद्याने सदैव सावध राहून त्यात गढून राहावे, असेही त्याच प्रकरणात सांगितले आहे. ग्रंथच अखेरचे प्रमाण मानणाऱ्या काळात हे लिहिले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल अधिक वाटते.

पुष्कळ डॉक्टर असे म्हणतात, की अनुभवासारखा गुरू नाही. वीस वर्षे रोगी तपासणाऱ्यास पुस्तके व सभा यांची गरज काय? अनुभव मोठा गुरू आहे यात संशय नाही. परंतु त्याच्यात एक खोट आहे. जो रोगी बरा होतो तो परत येऊन आभार मानतो. जो बरा होत नाही तो दुसऱ्या डॉक्टराकडे जातो, किंवा कोठेच जात नाही. त्यामुळे अनुभवाच्या वहीत जमेची बाजू भरते आणि खर्चाची कोरी राहते. व्हिएन्नाच्या अध्यापकांपाशी अनुभव थोडा नव्हता. जठराच्या व्रणाचे उदाहरण घ्या. काळजी, तिखट आणि आम्ल ही त्याची कारणे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आणि प्रत्येक डॉक्टराच्या अनुभवाने ती खरी ठरत गेली. ऑस्ट्रेलियातील वॉरन व मार्शल यांनी बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू आहे असे दाखविले; लोक ऐकेनात म्हणून १९८४ साली मार्शलने तो जंतू स्वतः प्राशन केला. २००५ साली त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या वीस वर्षांत ज्या डॉक्टराने काही वाचले नाही, त्याचे रोगी काही दिवसांच्या औषधाने बरे होण्याजोगे असता वर्षानुवर्षे दूध व आम्लनाशके घेत बसले असतील. आणि दरवेळी थोडा आराम पडे म्हणून त्यांनी त्याचे आभारही मानले असतील.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९७१ साली पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीचा उद्रेक झाला. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचे सलाईन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांकडूनच ते पाणी पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० होते ते शेकडा ४ च्या खाली आले. ज्या पाण्याने इतके जीव वाचले त्याविषयी कित्येक डॉक्टर पुढे बरीच वर्षे साशंकच होते, कारण शिरेवाटे द्रव देणे हाच खरा उपचार, असे त्यांना शिकविले गेले होते. शिकण्यापेक्षाही शिकलेले विसरणे कठीण असते. पण हा धडा त्या छावणीतील माणसांनी आपल्या जिवाची किंमत देऊन जगास दिलेला आहे. तो न शिकणे म्हणजे त्यांचे देणे बुडविणे होय.

ह्या ऋणाची दखल कायद्याने घेतली आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या आचारनियमांत दर पाच वर्षांत निदान ३० तासांचे शिक्षण डॉक्टराने घ्यावे असे सांगितले आहे, आणि महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण अशा शिक्षणाच्या गुणांशी जोडलेले आहे. हे पाऊल चांगलेच आहे. पण हिशेब करून पाहावा: पाच वर्षांत तीस तास म्हणजे वर्षास सहा, महिन्यास अर्धा. एवढ्यातही सभागृहात हजेरी लागली की गुण पडतात. कानावर आलेले डोक्यात शिरले की नाही, आणि डोक्यात शिरलेले दवाखान्यात उतरले की नाही, हे पाहणारा कोणी नसतो. शिवाय ह्या सभांच्या पाहुणचाराचा खर्च अनेकदा औषध विकणारे करीत. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेऊ नये, असा नियम २००९ साली करावा लागला, यावरूनच तो प्रघात किती रुजला होता हे दिसते. ज्याचे औषध खपवावयाचे आहे त्याच्याकडून औषधाचे ज्ञान घेणे, म्हणजे सोन्याचा कस विकणाऱ्याच्याच तोंडून ऐकणे होय. कायदा डॉक्टरास खुर्चीवर बसवू शकतो, शिकवू शकत नाही. ऋणाची जाणीव असेल तर तीस तास थोडे वाटतील. नसेल तर तीनशेही फुकट.

परंतु सगळा भार डॉक्टराच्या शिरी टाकून आपण मोकळे झालो, तर तो न्याय होणार नाही. तालुक्याच्या गावी एकटाच डॉक्टर असतो, सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या दारी रांग लागलेली असते, सभेस जावे तर दवाखाना बंद ठेवावा लागतो. त्याने केव्हा वाचावे? आणि वाचून शहाणा झाला, तरी त्या शहाणपणास गिऱ्हाईक आहे काय? मुलास जुलाब झाले असता मीठ-साखरेचे पाणी पाजा, इंजेक्शनाची गरज नाही, असे जो सांगतो, त्यास काही येत नाही असे म्हणून आपण शेजारच्या दवाखान्यात जातो. आपल्यासमोर पुस्तक उघडून पाहणारा डॉक्टर आपणास अडाणी वाटतो. काही न पाहता चटकन चिठ्ठी लिहिणारा हुशार वाटतो. "मला नक्की सांगता येत नाही, उद्या वाचून सांगतो," ह्या वाक्यात जो प्रामाणिकपणा आहे, त्याची आपण फी देण्यास तयार नसतो. ज्या समाजास शिकणारा डॉक्टर नको असतो, त्यास न शिकणारा मिळतो.

शिवाय रुग्णऋण एकट्या डॉक्टराचे नाही, ते आपलेही आहे. आपल्या घरातील आजारी माणसाजवळ जो तयार हात येऊन बसतो, तो कोणाच्या तरी अंगावर तयार झालेला असतो. आणि तो अंग देणारा मनुष्य बहुधा आपल्या वर्गातला नव्हता. आपण तयार झालेले फळ घेतो. तेव्हा सुशिक्षित कुटुंबांनी काही गोष्टी मनावर घेण्यासारख्या आहेत. रुग्णालयात एखादा विद्यार्थी भीत भीत येऊन, आपणांस तपासू का, असे विचारील, तर शक्य असता त्यास होय म्हणावे. मरणोत्तर देहाची व्यवस्था काय करावी, ह्याचा विचार प्रकृती धडधाकट असतानाच घरच्यांशी बोलून करावा. आणि आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी वैद्यकास जात असेल, तर गुणांची चौकशी करताना कधीतरी हेही विचारावे, की आज ज्याच्यावर शिकलास त्याचे नाव काय, तो कोठला, त्याच्या घरी कोण आहे. विद्यार्थ्याने रोग्याची अनुमती मागावी, त्याच्याशी माणसासारखे बोलावे, हे २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात आता रीतसर शिकविले जाते. परंतु ज्या घरात मोलकरणीशी हाक मारल्यावाचून बोलले जात नाही, तेथील मुलास हा धडा वर्गात बसून किती येईल, याची शंकाच आहे.

आपणांस रोज अनेक तऱ्हेचे देणे असते आणि त्यांतील बरेचसे कागदावर लिहिलेले असते. हे देणे कोठेच लिहिलेले नाही, त्याचा दावा कोणत्याही न्यायालयात चालत नाही आणि सावकार स्वतः कधी वसुलीस येत नाही. तो बरा होऊन आपल्या कामास लागलेला असतो, किंवा बरा न होता गेलेला असतो. अशा ऋणाची आठवण ठेवणे हे ऋणकोच्याच सद्बुद्धीवर अवलंबून असते. रात्री दवाखाना बंद केल्यावर जो डॉक्टर दिवा मोठा करून अर्धा तास वाचीत बसतो, त्यास कोणी पाहत नाही व कोणी गुणही देत नाही. तो त्या विसरलेल्या माणसाचे देणे फेडीत असतो.